तुळसाक्काचं वाकडं पोलकं

तुळसाक्का कुठल्याही बाईकडे बघायची ती आधी खांद्यांकडे, मग मुंढ्याकडे आणि सवड राहिलीच तर चेहऱ्याकडे. रस्त्यात कुणी ओळख दिली तर हिला नाव आठवायचं नाही. पण "हिचा उजवा दंड स्वल्प जाड आहे बघ," हे मात्र ती बाई चार पावलं पुढे जायच्या आत, तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगून मोकळी व्हायची. मी पहिल्यांदा तिच्याकडे शिवण शिकायला गेले तेव्हा वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, वडील कुठल्या कचेरीत आहेत तेही सांगितलं. त्यातलं काही तिनं ऐकलं असेल असं मला आजही वाटत नाही. माझ्याभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "पाठ गोल आहे. पुस्तकं वाचतेस होय? सरी. बस तिथं."

'सरी' म्हणजे ठीक. कानडीतला हा एवढासा शब्द तिला सगळ्या कामाला पुरायचा. राग आला तरी सरी, पटलं तरी सरी, आणि फारच खूश झाली तर दोनदा सरी. माझ्या कुठल्या कामाला दोनदा सरी काही लाभलं नाही.

आम्ही बेळगावचे. वडिलांची बदली झाली म्हणून बेंगळूरला आलो आणि मल्लेश्वरमात आठव्या क्रॉसच्या मागे राहिलो. तुळसाक्काचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिचे पूर्वज शिंपी. कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि पेटेत, म्हणजे जुन्या गावात, राहिले ते राहिलेच. कुठली फौज, कुणाची, जिंकली की हरली, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. "पण त्या फौजेचे अंगरखे आमच्याच माणसांनी शिवले," हे ती शपथेवर सांगायची. तिचं मराठी ऐकून माझी आई पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली होती. ते तुळसाक्काला कळलं. तेव्हापासून मी तिची 'बेळगाव' झाले. "ए बेळगाव, तुझं मराठी इस्त्रीचं आहे गं. काजं मात्र कुत्र्यानं चावल्यासारखी करतेस."

नवरा लवकर गेला होता. त्याच्याबद्दल ती एकच गोष्ट सांगायची आणि ती सांगताना मान ताठ करायची. "कॉलर बसवावी तर त्यांनी."

व्हरांड्यात तिची पायमशीन, खाली चटईवर आम्ही मुली, आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एक दोरी. दोरीला गाठी. टेप तिच्याकडे होता, पण तो गळ्यात घालायला. माप घ्यायची ती दोरीनंच; छातीची गाठ वेगळी, कमरेची वेगळी, खांद्याची आणखी वेगळी. कुठली दोरी कुणाची हे तिला न बघता कळायचं. मुलीचं लग्न ठरलं की ती दोरी सोडवून तिच्या ओटीत घालायची. मुलीच्या आईला वाटायचं काहीतरी शास्त्र असेल. शास्त्र कसलं! "सासरचा शिंपी गाढव असला तर दाखव म्हणावं," एवढंच.

आणि तिची ती शिंकेची परीक्षा! शिवलेलं पोलकं अंगात घातलं की बाईनं आधी दोन्ही हात वर करायचे, कपडे वाळत घालताना करतात तसे. मग वाकायचं, बादली उचलतात तसं. आणि मग शिंकायचं. शिंकेला शिवण उसवली किंवा हुक तुटला तर पोलकं नापास. सांगून शिंक कुणाला येते? म्हणून ती कनवटीला तपकिरीची डबी ठेवायची. आमच्या गल्लीतल्या इंजिनियरबाई, म्हणजे इंजिनियरांची बायको, चष्मा, घड्याळ आणि स्वतःचं मत असलेली बाई. तिलाही तुळसाक्कानं व्हरांड्यात उभं करून तपकीर ओढायला लावली होती. बाई सात-आठ वेळा शिंकल्या, घड्याळ मनगटावरून निसटलं, पण हुक जागचा हलला नाही. तुळसाक्का म्हणाली, "घड्याळ कुणी शिवलं?"

आता मूळ गोष्टीकडे येते.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्हा मुलींसाठी म्हणून मासिकांत, दुकानांत, कॉलेजच्या फाटकासमोर ज्या जाहिराती असायच्या त्या आठवल्या की माझं आजही डोकं फिरतं. स्नो, पावडर, साबण, केसाचं तेल. विकायचं आम्हाला, पण त्यातली बाई उभी असायची ती आमच्याकडे बघत नाही तर भलत्याच कुणाच्या डोळ्यांसाठी. साडी ओली, पदर पडायच्या बेतात, आणि डबा हातात अशा ठिकाणी धरलेला की डबा सोडून सगळं दिसावं! आणि आम्ही शहाण्या काय करायचो? ती पानं फाडून तुळसाक्काकडे न्यायचो. "अक्का, मला अस्सं शिवून द्या."

ती चित्र हातात घ्यायची, उन्हात धरायची. "हे पोलकं मागून टाचण्या लावून ओढलंय. ही शिंकली तर छायाचित्रवाल्याचा डोळा जाईल." आणि चित्र परत करायची. "माप तुझं घेतलंय. तिचं नाही." याच्यापुढे अपील नाही.

सरू तिच्या बहिणीची मुलगी. आई नव्हती, तुळसाक्कानंच वाढवली. विशी उलटली होती, मावशीच्या हाताखाली वर्ग सांभाळायची, आणि चेहरा असा की पोस्टमन पत्र नसलं तरी फाटकाशी थांबायचा. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून तिचा डावा खांदा कायमचा उतरला होता. पण हे कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं. तुळसाक्का तिचं पोलकं कापायची उतरत्या खांद्याच्या मापानं आणि आतून कापसाची घडी ठेवायची, की वरून दोन्ही खांदे एका रेषेत. मी बरोबरीची मैत्रीण, रोजची, तरी मला पत्ता नव्हता. ती घडी चुकून माझ्या हाती लागली तेव्हा सरूनं मला देवाची शपथ घातली.

मागच्या गल्लीत रंगण्णा नावाचा चित्रकार राहायचा, कॅलेंडरं रंगवणारा. भिडस्त माणूस, रस्त्यानं जाताना भिंतीला चिकटून जायचा. 'चांदणी स्नो' नावाच्या कंपनीचं नव्या वर्षाचं कॅलेंडर त्याच्याकडे आलं होतं, कॉलेजातल्या मुलींना फुकट वाटायचं. त्याला चेहरा हवा होता. तो घाबरत घाबरत व्हरांड्यात आला आणि कानडीत म्हणाला, "अक्का, फक्त चेहरा." सरूच्या डोळ्यांत असं काही चमकलं की नाही म्हणणं तुळसाक्काच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "चेहराच ना? चेहऱ्याला शिलाई लागत नाही. सरी."

कॅलेंडर आलं. चेहरा सरूचा, अगदी तीळसुद्धा जागच्या जागी. आणि गळ्याखाली? अय्यो! तळ्याच्या काठी, पातळ भिजलेल्या साडीत, पोलक्याचं नावही नाही. कंबर मुठीत मावेल एवढी आणि वरचं सगळं त्या कमरेशी भांडण झाल्यासारखं. खांदे मात्र सरळ, गुळगुळीत, एका रेषेत.

वर्गातल्या मुली तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. तुळसाक्का भडकेल, रडेल, असं मला वाटलं. तिनं कॅलेंडर उन्हात धरलं आणि म्हणाली, "हिचं डोकं आमचं. बाकी कुणाची बाई आहे ही?"

भडकायची वेळ पुढे आली. कारण सरूला त्या चित्राची लाज वाटली नाही, तिला ते आवडलं. तिनं ते मशीनच्या वर टांगलं आणि रोज त्याच्यासमोर उभी राहू लागली. चित्रासारखा हात वर करायची, मग आरशात बघायची, मग तोंड पाडायची. म्हणायची, "मावशी, मी अशी का नाही गं?" भात सोडला. मग भाकरी सोडली. कमरेला लुगड्याची पट्टी आवळून बांधू लागली. कापसाची एक घडी होती तिथं दोन झाल्या. मला एकदा म्हणाली, "लोक चित्र बघून मला बघायला येतील ना, तर त्यांना ती दिसली पाहिजे." त्या फुकट कॅलेंडरानं आमच्या हसऱ्या पोरीला स्वतःचीच नक्कल करायला बसवलं होतं! आणि एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या ती घेरी येऊन पुढे कोसळली. सुई बोटात गेली.

तुळसाक्कानं बोटाला हळद दाबली, सरूला निजवलं, खिळ्यावरची सरूची दोरी काढली आणि मला म्हणाली, "बेळगाव, कॅलेंडर घे. चल."

रंगण्णाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी चाटच पडले. भिंतीला टेकून बाया उभ्या होत्या. साबणाची, तेलाची, उदबत्तीची, एक तर डासांच्या औषधाची. सगळ्यांची डोकी निराळी आणि अंग एकच! तोच हात वर, तीच कंबर, तीच ओली साडी. डासांच्या औषधाला साडी कशाला भिजायला हवी, सांगा बघू!

"हे अंग कुणाचं?" तुळसाक्कानं विचारलं.

"कुणाचंच नाही, अक्का." रंगण्णा भिंतीत शिरायच्या बेतात होता. "माझ्या गुरूंनी काढून दिलेला छाप आहे. मी नुसतं डोकं बदलतो. कंपनीवाले दुसरं घेत नाहीत."

तुळसाक्कानं दोरी चित्राला लावली. वरून, खालून, आडवी. "एवढ्या कमरेत ही जेवण कुठं ठेवते?"

"चित्र आहे अक्का. ती जेवत नाही."

"ती जेवत नाही, सरी. आमची सरू जेवेना झालीय, तिचं काय?"

त्यानं ब्रश खाली ठेवला आणि डोळे पुसले. कॅलेंडरं छापून गावभर गेली होती, ती आता परत कशी यायची?

पण आमची बाई शिंप्याच्या घरची. पेटेतल्या त्यांच्या घरांत एक रीत होती, तसबिरीला नेसवायची. लक्ष्मीच्या, गौरीच्या छापील चित्रावर खऱ्या कापडाचं इवलंसं लुगडं, जरीचे काठ, टिकल्या. देवीला कागदाच्या कपड्यात ठेवायचं नाही. तुळसाक्कानं तेच करायचं ठरवलं. "अंग झाकलं की पोरीला आपलं तोंड तेवढं दिसेल. मग जेवेल." दुपारभर आम्ही कात्रणं शिवली, बोटाएवढ्या बाह्यांची पोलकी. घरातल्या कॅलेंडरला एक घातलं. मग ती निघाली बाजारात आणि ज्या ज्या दुकानात ते कॅलेंडर टांगलं होतं तिथं तिथं तिनं पोलकी चढवली. बांगडीवाल्या शेट्टीच्या दुकानात जाऊन, त्याला न विचारता, त्याच्या कॅलेंडरलाही घातलं.

आणि इथं घोटाळा झाला. तसबिरीचं कापड नुसतं वरच्या कडेला चिकटवतात, खालून मोकळं. देवीचं कापड वर करून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. स्नोच्या बाईचं येतं! उघडी होती तोवर शेट्टीच्या गिऱ्हाइकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पोलकं घातल्यावर रांग लागली. बायकोला बांगड्या भरायला घेऊन येणारे नवरे एकाएकी फार प्रेमळ झाले. दोन दिवसांनी तुळसाक्का बघायला गेली तर कोट, उपरणं आणि पगडीतले एक पेन्शनर गृहस्थ काठीच्या टोकानं पोलकं उचलत होते. ती मागे जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "माप घेताय होय? दोरी देऊ?" त्यांची काठी तिथंच राहिली, ते घरी गेले. शेट्टी हात जोडून म्हणाला, "अक्का, आणखी दोन कॅलेंडरं आणतो, त्यांनाही घाला." तिनं त्याला जे सांगितलं ते कानडीत होतं, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

मग तिनं सुई काढली आणि सगळी पोलकी चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी कागदाला शिवून टाकली.

शिवल्यावर मात्र एक गोष्ट बाजारभर दिसू लागली. पोलकं वाकडं होतं. डाव्या खांद्यावर कापड खाली उतरलेलं आणि चित्राचा गुळगुळीत खांदा वरून डोकावतोय. एक नाही, सगळीच पोलकी तशी. बायका आधी कुजबुजल्या, मग बोलल्या. तुळसाक्काचा हात गेला. डोळे गेले. इंजिनियरबाईंनी शिवायला टाकलेलं खणाचं कापड परत मागवलं, आणि त्यांच्या मागून आणखी दोघींनी.

मी व्हरांड्यात होते तेव्हा तुळसाक्कानं घरचं कॅलेंडर पहिल्यांदा नीट निरखलं. मग खिळ्यावरच्या सरूच्या दोरीकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा सरूचा, म्हणून हातानं आपोआप सरूच्या मापानं कापलं होतं! इतकी वर्षं ज्या हातानं तो खांदा लपवला, त्याच हातानं तो बाजारात मांडला होता, आणि कुणाला कळलं नव्हतं. तिनं कातर उचलली. दोन टाके उसवले की काम झालं असतं. तिनं कातर खाली ठेवली.

"अक्का, सरळ करा की," मी म्हटलं.

"सरूचं आहे ते. ते कसं सरळ करू?" आणि मग दरडावून, "कुणी विचारलं तर डोळे गेले माझे म्हणून सांग. दुसरं काही बोललीस तर जीभ शिवून टाकीन."

कुणाची चूक कधी पोटात न घालणारी, आणि स्वतःची तर कधी झालीच नाही असं मानणारी ही बाई! मला भयंकर वाईट वाटलं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. तुळसाक्का विधवा म्हणून तिच्याकडे कुंकू सरू लावायची, पण व्हरांडा दरवर्षी भरायचा, त्या वर्षी निम्माच भरला. इंजिनियरबाई मात्र आल्या होत्या. पन्ह्याचा घोट घेऊन त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्का, रागावू नका हं. पण डावा खांदा चांगलाच उतरलाय हो. आता आमची पोलकी कुणाकडे टाकायची?"

तुळसाक्का पन्हं ओतत होती. ती वर न बघता म्हणाली, "वय झालं, बाई. दिसत नाही आता. चुकलं."

चुकलं! तुळसाक्काच्या तोंडून! माझ्या हातातलं अत्तरदाणीचं झाकण पडलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात, कोसंबरीच्या, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीच्या, वाट्यांचं तबक घेऊन सरू उभी होती. तिनंही ऐकलं. ती कॅलेंडरकडे बघत राहिली, रोज बघायची त्या चेहऱ्याकडे नाही, त्या पोलक्याकडे. मग मावशीकडे. मग तिनं तबक खाली ठेवलं, पदर बाजूला करून पोलक्यात हात घातला आणि कापसाच्या दोन्ही घड्या बाहेर काढल्या. एक इंजिनियरबाईंच्या पायाशी पडली.

"पोलकं बरोबर आहे," सरू म्हणाली. "चित्र चुकलंय."

आणि ती कॅलेंडरच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचा डावा खांदा उतरलेला, कागदावरचं पोलकं उतरलेलं. सुतानं इकडे नाही की तिकडे नाही. बोटभर कात्रण, पण माप चोख. मग सरूनं तबकातली एक वाटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या, ओठाला खोबरं लागलेलं न पुसता, ती संपवली. दुसरी घेतली.

तुळसाक्का म्हणाली, "सरी." जरा थांबून, "सरी."

मग तिनं कनवटीची डबी काढली, चिमूटभर तपकीर ओढली आणि शिंकू लागली. बराच वेळ शिंकत राहिली, डोळे पुसत राहिली. बायकांनी ती तपकीरच आहे असं ठरवलं. इंजिनियरबाईंनी पायाशी पडलेली कापसाची घडी उचलून नीट दुमडून सरूच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अक्का, माझं खणाचं कापड उद्या पाठवते." बाई मताच्या होत्या, पण मत बदलायलाही मागेपुढे बघायच्या नाहीत.

पुढे माझं लग्न होऊन मी धारवाडला गेले. माझी दोरी ओटीत पडली, ती अजून माझ्या कपाटात आहे. त्यातली एकही गाठ आता मला लागू नाही. सरूचं लग्न झालं, ती बेंगळुरातच बसवनगुडीला गेली. खांदा आधी बघून, मग हो म्हणणाऱ्या माणसाबरोबर. तिला दोन मुलं झाली आणि ती चांगली भरली.

साठचं दशक संपता संपता माहेरी आले होते तेव्हा तुळसाक्काकडे गेले. आता डोळे खरोखरच गेले होते. दोन्हींत मोतीबिंदू. वर्ग बंद होता. खिळे होते, दोरी एकच उरली होती, सरूची; ती तुळसाक्कानं तिच्या ओटीत घातलीच नव्हती. मी पायरी चढले तर म्हणाली, "पाठ अजून गोल आहे, बेळगाव." पावलांच्या आवाजावरून कळलं म्हणे.

मशीनच्या वर तेच कॅलेंडर. तारखांचे कागद केव्हाच गेलेले, कडा पिवळ्या. पण पोलकं नवं होतं. जवळ जाऊन पाहिलं आणि मला हसू आवरेना. ती कंबर नाही, ते तळं नाही, ती ओली साडी नाही. सगळं पोलक्याखाली गेलेलं. पोलकं इतकं ऐसपैस की स्नोचा डबासुद्धा निम्मा झाकला गेला होता. वर सरूचा चेहरा तेवढा हसत होता.

"सरू येते माप द्यायला," तुळसाक्का म्हणाली. "तिचं बदलतं, मग हिचं नको बदलायला? धाकट्याच्या वेळी बाजू सोडली. आता परत सोडायला हवी, स्वल्प."

मी निघाले तेव्हा ती भिंतीशी उभी होती. कागदाला नाक लावून, बोटांनी शिवण चाचपत तिनं बाजू उसवली, नवा टाका घातला, डावा खांदा अंगठ्यानं खाली बसवला आणि दातानं दोरा तोडला. मी फाटकाशी पोचले तेव्हा तिचा आवाज आला. मला वाटलं मला हाक मारतेय, म्हणून वळून पाहिलं. ती चित्रापासून एक पाऊल मागे सरली होती, हातात तपकिरीची डबी.

"हं," ती त्या चित्रातल्या पोरीला म्हणत होती, "आता शिंक बघू."